हरणाऱ्या संघाकडून काय मागावे?



"आजी, आज आपली टीम जिंकेल ना गं?"

माझ्या नातवाने हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो २०१९ सालच्या एप्रिल महिन्यात. मी नुकतीच अमेरिकेत, बाल्टिमोर शहरी लेकीकडे गेले होते. नातू तेव्हा नऊ वर्षांचा. डोक्यावर नारिंगी टोपी, हातात चामड्याचा मोठा पंजा, आणि डोळे टीव्हीकडे. मला त्या खेळातले काहीच कळत नव्हते. मी आपली म्हणाले, "जिंकेल रे बाळा." त्या दिवशी ती टीम हरली. दुसऱ्या दिवशीही हरली. तिसऱ्या दिवशी त्याने मला विचारलेच नाही. तेव्हा मला वाईट वाटले, आणि जावयांना म्हटले, मला हा खेळ एकदा नीट समजावून सांगा.

तुम्ही म्हणाल, वरुड तालुक्यात संत्र्याची बाग कसणारी ही बाई, हिला अमेरिकेतल्या चेंडूफळीशी काय करायचे? पण मंडळी, थोडे ऐकून घ्या. त्या हरणाऱ्या संघाने मला जे शिकवले ते मला घरच्या बागेतही कामी आले. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

खेळाचे नाव बेसबॉल. एका बाजूला नऊ गडी. एक चेंडू फेकतो, त्याला पिचर म्हणतात. समोरचा गोल दांड्याने तो टोलवतो आणि चार तळ पळत गाठून घरी परत आला की एक धाव. नऊ डाव असतात. तिथल्या सर्वांत वरच्या पातळीवर एकंदर ३० संघ आहेत. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे जवळजवळ रोज एक. आपल्याकडे पोळा-दिवाळी वर्षातून एकदा येते, तसा हा खेळ नाही. हा रोजचा भाकरतुकडा आहे. संध्याकाळी सात वाजले की घरोघर तो लागतो.

बाल्टिमोरच्या संघाचे नाव ओरिओल्स. ओरिओल हे पाखराचे नाव. आपल्या हळद्याला इंग्रजीत हेच नाव आहे, मात्र तिकडचा पक्षी वेगळा, काळा आणि नारिंगी. संत्रेवालीला नारिंगी रंग आवडायचाच! या संघाने १९६६, १९७० आणि १९८३ साली जगज्जेतेपद मिळवलेले. पण मी गेले त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ साली, या संघाने १६२ पैकी ११५ सामने गमावले होते. बाल्टिमोरमध्ये आल्यापासून इतकी वाईट दशा त्याची कधीच झाली नव्हती.

त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी आपला सर्वांत चांगला खेळाडू, मॅनी मचाडो, लॉस एंजलिसच्या डॉजर्स संघाला देऊन टाकला आणि बदल्यात पाच कोवळी पोरे घेतली. मचाडोचा करार त्या वर्षी संपणारच होता. हंगाम संपल्यावर तो निघून गेला असता, मग हाती काय उरले असते? म्हणून आधीच त्याची किंमत करून घेतली. नोव्हेंबरात माइक एलायस नावाचा नवा कारभारी आला. त्याने जुने वठलेले सगळे बाजूला सारून संघ मुळापासून उभा करायचे ठरवले. तिकडे याला संघाची पुनर्बांधणी म्हणतात.

जावई मला म्हणाले, "आई, यांना पाच वर्षं तरी लागतील."

ऐकून काळजात चर्र झाले. कारण हाच आकडा मी घरून ऐकून निघाले होते.

आमचे हे २०१७ साली गेले. मागे अडीच एकरांची जुनी संत्र्याची बाग. डिंक्याने पोखरलेली, अर्धी झाडे वाळलेली. २०१८ च्या उन्हाळ्यात मी ती काढून टाकली आणि पावसाळ्यात २७५ नवी कलमे लावली. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पाच-सहा वर्षं फळ नाही. तोवर खाल काय? विकून टाका, लेकीकडे जाऊन राहा." लेकही तेच म्हणत होती. मी दोघांना शब्द दिला होता की सहाव्या वर्षापर्यंत बघते, नाही जमले तर विकते. तेव्हा रोपे भावजींच्या आणि सालदाराच्या भरवशावर सोडून मी सहा महिन्यांसाठी गेले होते, आणि जीव तिकडेच अडकला होता. रोज फोनवर विचारायची, ठिबक चालू आहे का, कलमे जगली का.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. असा संघ आपला असेल, तर त्याच्याकडून काय मागावे? पाच-सात वर्षे त्या संघाची हार-जीत बघून मला जे उमगले ते सांगते.

पहिली गोष्ट, एका संध्याकाळवरून काही ठरवू नये. २०१९ साली ओरिओल्सनी ५४ सामने जिंकले आणि १०८ हरले. मी नातवाला सांगितले, "हिशेब कर. तीन दिवसांत एक दिवस जिंकतात." त्याने बोटांवर मोजले आणि त्याचा चेहरा खुलला. पुढे २०२३ साली हाच संघ त्यांच्या गटात सगळ्यांच्या वर राहिला, तेव्हा त्याने १०१ सामने जिंकले. म्हणजे त्या भरभराटीच्या वर्षीही ६१ वेळा हरलाच की! वाईटातला वाईट संघ तीन दिवसांत एकदा जिंकतो आणि उत्तमातला उत्तम तीन दिवसांत एकदा हरतो. खरा झगडा मधल्या तिसऱ्या दिवसाचा. हे एकदा ध्यानात आले की रोजच्या पराभवाने घरात कुणी जेवण टाकत नाही.

दुसरी गोष्ट, पहिल्या वर्षांत जिंकणे मोजू नये, वाढ मोजावी. तिथे एक न्याय आहे. दरवर्षी नव्या पोरांची निवड होते, तेव्हा जो संघ शेवटी राहिला त्याला पहिला मान. २०२३ पासून त्यात चिठ्ठ्यांचा भाग आला, पण मी गेले तेव्हा तसे नव्हते. त्या न्यायाने २०१९ च्या जूनमध्ये ओरिओल्सना पहिली निवड मिळाली आणि त्यांनी ॲडली रचमन नावाचा कॅचर घेतला. कॅचर म्हणजे पिचरने फेकलेला चेंडू मागे बसून झेलणारा. आता एवढा नामांकित पोरगा घेतला तर उद्यापासून खेळेल, असे मला वाटले. तसे नसते. त्याला आधी खालच्या संघांत पाठवतात. आणि गंमत बघा, खालच्या संघांच्या या व्यवस्थेला तिकडे शेतीवरूनच 'फार्म' म्हणतात! पोरे तिथे रुजतात, वाढतात, काही वाळतातही.

ऑगस्टमध्ये जावयांनी आम्हाला गाडीने ॲबरडीन नावाच्या गावी नेले. छोटेसे मैदान, लोक घरचेच असल्यासारखे बसलेले. तिथे मी रचमनला पाहिले. एकवीस वर्षांचा पोरगा, गुडघ्यांवर बसून एकामागून एक चेंडू झेलत होता. नातू कठड्याला लोंबकळून बघत होता. मी जावयांना विचारले, "हा वर कधी जाईल?" ते म्हणाले, "दोन-तीन वर्षं, आई." मला वाटले, हे तर कलमासारखेच झाले. पहिल्या वर्षी फूल आले तरी खुडून टाकतो आपण, झाड बळकट व्हावे म्हणून. पी हळद अन् हो गोरी, हे ना झाडाला लागू पडते ना माणसाला.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. लावलेले सगळे जगत नाही, आणि कोणते जगेल ते लावताना सांगता येत नाही. मचाडोच्या बदल्यात आलेल्या पाच पोरांत युस्नियल डियाझ याचे नाव सर्वांत मोठे होते. आमच्या घरात त्याच्याच गप्पा. तो सारखा दुखापतीने बेजार झाला आणि ओरिओल्सकडून वरच्या पातळीवर मोजून एक सामना खेळला, तोही २०२२ साली. त्याच पाचांतला डीन क्रेमर, ज्याच्याकडे तेव्हा कुणी फारसे पाहिले नाही, तो पिचर म्हणून टिकला आणि २०२३ साली १३ सामने जिंकून देऊन गेला. गनर हेंडरसन हा २०१९ सालीच निवडलेला, पण दुसऱ्या फेरीत, म्हणजे ४१ पोरांची निवड झाल्यानंतर. तोच २०२३ साली नवोदितांमध्ये सर्वोत्कृष्ट ठरला. म्हणून एकाच रोपावर जीव टाकू नये. सगळ्या वाफ्यावर नजर ठेवावी.

चौथी गोष्ट, जुन्या झाडाचा मान ठेवावा. माझ्या त्या पहिल्या महिन्यात क्रिस डेव्हिस नावाचा खेळाडू फार वाईट दिवसांतून जात होता. २०१३ साली त्याने ५३ घरधावा काढल्या होत्या, त्या वर्षी इतक्या कुणीच काढल्या नव्हत्या. आता तोच ५४ खेळ्यांमध्ये एकही फटका यशस्वी करू शकला नव्हता. पैसा बक्कळ घेतो आणि करीत काही नाही, म्हणून लोक त्याची हुर्यो उडवीत. १३ एप्रिलला बोस्टनमध्ये त्याचा फटका एकदाचा लागला. आमच्या दिवाणखान्यात जावई उठून टाळ्या वाजवू लागले. ते म्हणाले, "आई, याने आम्हाला खूप दिलंय." मला आमच्या जुन्या बागेची आठवण झाली. तोडताना मीही एकेका खोडावरून हात फिरवला होता. त्याच झाडांवर लेकीचे शिक्षण झाले होते.

आणि पाचवी गोष्ट, जीव लावलेला माणूस जाईल, याची तयारी ठेवावी. ट्रे मन्सिनी हा नातवाचा सर्वांत लाडका. २०२० साली त्याला आतड्याचा कॅन्सर झाला. उपचार घेऊन तो २०२१ साली पुन्हा मैदानात उतरला. सगळे शहर त्याच्यासाठी उभे राहायचे. २०२१ साली कोरोनामुळे मला तिकडे जाता आले नाही. त्या ऑगस्टमध्ये ओरिओल्स लागोपाठ १९ सामने हरले. त्यांचा संध्याकाळचा सामना संपतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात होतात. मी बागेत जायला निघाले की नातवाचा फोन यायचा, "आजी, हरले." एकोणीस सकाळी तेच. विसाव्या वेळी जिंकले, तेव्हा तो इतका ओरडला की सालदाराने दुरून विचारले, "काय झालं बाई?"

२०२२ साली मी पुन्हा गेले. २१ मेला रचमन पहिल्यांदा वर खेळला, आणि बघता बघता संघ जिंकू लागला. २८ जुलैला मन्सिनीने बाल्टिमोरमध्ये उंच फटका मारला. उन्हाने समोरच्या खेळाडूचे डोळे दिपले, चेंडू त्याच्या तोंडावर आदळून दूर गेला आणि मन्सिनी पळत पळत घरी पोचला. सगळे मैदान रडत होते, कारण तो जाणार हे लोकांना कळून चुकले होते. चारच दिवसांनी त्याला ह्युस्टनला देऊन टाकले. पाठोपाठ शेवटच्या डावात सामना राखून देणारा पिचर होर्गे लोपेझ, तोही मिनेसोटाला दिला. संघ वर चढत असताना!

नातू दोन दिवस बोलला नाही. मी त्याला उगीच समजावायला गेले नाही. कारभाऱ्याचा हिशेब बरोबर असेलही. लोपेझच्या बदल्यात आलेला येनिअर कानो पुढल्याच वर्षी निवडक खेळाडूंच्या संघात गेला. पण हिशेब बरोबर आहे म्हणून दुःख खोटे ठरत नाही. गोऱ्हा विकताना घरातली पोरे रडतात, तेव्हा आपण त्यांना बाजारभाव सांगत नाही ना? मन्सिनीला त्या वर्षी ह्युस्टनबरोबर जगज्जेतेपद मिळाले, तेव्हा मात्र नातवाने आपणहून मला फोन करून कळवले.

त्या वर्षी ओरिओल्सनी ८३ सामने जिंकले. २०२३ साली १०१. पाच वर्षांचा वायदा खरा झाला. आता सगळ्यांना वाटले, पुढे सुखच सुख. इथेच माणूस फसतो. अखेरच्या फेऱ्यांत टेक्सासच्या रेंजर्सनी त्यांना सलग तीन सामन्यांत हरवून घरी पाठवले. पण हे रेंजर्स कोण? २०२१ साली स्वतः १०२ सामने हरलेले. २०२४ साली ९१ सामने जिंकून ओरिओल्स पुन्हा अखेरच्या फेऱ्यांत गेले आणि कॅन्सस सिटीकडून दोन सामन्यांत बाद झाले. ते कॅन्सस सिटीवाले आदल्या वर्षी १०६ हरले होते. म्हणजे मशागत आपणच करतो असे नाही. शेजारच्या शेतातही कुणीतरी घाम गाळत असतो.

एक मात्र सांगते. धीर धरा म्हणजे डोळे मिटून बसा, असे नव्हे. पुनर्बांधणी हा शब्द मालकाला पैसे वाचवायला फार सोयीचा आहे. शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाने २०१६ च्या डिसेंबरात अशीच पुनर्बांधणी सुरू केली. २०२० आणि २०२१ साली ते अखेरच्या फेऱ्यांत गेले, दोन्ही वेळा पहिल्याच मुक्कामी बाद झाले, आणि २०२४ साली १२१ सामने हरले. आधुनिक काळात एका हंगामात इतके कुणीच हरले नव्हते. म्हणून दरवर्षी हिशेब मागावा. पोरे गेल्या वर्षीपेक्षा बरी खेळतात का? नवी येताहेत का? मोकळी जागा भरायला मालक खिशात हात घालतो का? याची उत्तरे 'नाही' अशी येत असतील, तर ती पुनर्बांधणी नव्हे, ते पडीक रान.

२०२४ साली माझ्या बागेला पहिल्यांदा मनाजोगता आंबिया बहार लागला. सहावे वर्ष. भावजी स्वतः येऊन फळे मोजून गेले आणि काही बोलले नाहीत. लेकीलाही मी फोटो पाठवला. शब्द पाळला गेला असे वाटले. पण २०२५ च्या पावसाने घात केला. पाऊस थांबेना, वाफे तुंबले, आणि हिरवी फळे झाडाखाली सडा घातल्यासारखी पडू लागली. निम्म्याहून जास्त बहार मातीत गेला. तिकडे ओरिओल्सही त्याच वर्षी कोसळले. मे महिन्यात त्यांच्या व्यवस्थापकाला, ब्रँडन हाइडला, काढून टाकले. हंगामाअखेर ७५ विजय आणि ८७ पराभव, गटात शेवटचा क्रमांक.

भावजी पुन्हा आले. ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, आता तरी विचार करा. भाव बरा येईल." मी चहा ठेवला, पण उत्तर सुचेना. खरे सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही. सात वर्षे घालून एकच बहार पदरी पडला होता, आणि माझे वय काही कमी होत नव्हते.

सकाळी नातवाचा फोन आला. तो आता पंधरा वर्षांचा आहे, आवाज फुटला आहे. मला वाटले, टीमचे रडगाणे गाईल. तो म्हणाला, "आजी, फळं गळली ते आईने सांगितलं. झाडं किती जिवंत आहेत?"

मी म्हणाले, "दोनशे त्रेसष्ट."

"आणि गेल्या वर्षी किती होती?"

"दोनशे पासष्ट."

"मग दोनच गेली ना," तो म्हणाला. "रचमन आहे, हेंडरसन आहे. आमचीही झाडं आहेत."

मी फोन ठेवला आणि बागेत गेले. मुळांशी तुंबलेले पाणी काढायला चर खोदायचे होते. पडलेली फळे वेचून बाहेर पुरायची होती, नाहीतर रोग पसरतो. दुपारी भावजींना निरोप धाडला की यंदा विकत नाही, पुढल्या वर्षी पुन्हा हिशेब मांडू, आणि उद्या जमले तर चर खोदायला एक माणूस पाठवा. त्यांनी दोन पाठवले.

तुमच्याही घरी एखादा हरणारा संघ असेल. तो खेळाचाच असेल असे नाही. त्याच्याकडून दरवर्षी जेतेपद मागू नका, मिळणार नाही. झाडे किती जिवंत आहेत, तेवढे मात्र दरवर्षी जरूर मोजा.